तिच्या बाजूचे नट

मित्रांनो, मी एक जुनी रुंद फळी आहे. आधी मी पलंगात होते. पलंग मोडला तेव्हा घरच्या बाबांनी मला उचललं, सायकल दुरुस्तीवाल्याकडून चाकांच्या मधोमध असतात ते दोन निकामी हब मागून आणले आणि माझ्या एका टोकाला शेजारी शेजारी ठोकून बसवले. सायकलचं पुढचं चाक काढायचं, चाक धरणारा चिमटा हबवर टेकवायचा, दोन्हीकडचे नट आवळायचे. झालं, सायकल ताठ उभी! अशी मी गाडीमागच्या ट्रेलरमध्ये आडवी झाले. एक जागा बाबांच्या सायकलची, एक त्यांच्या लेकीच्या.

बाबा मापाचे मोठे पक्के. तीनदा मोजलं म्हणे! पण मोजली ती चाकं, हँडलं राहिलीच. पहिल्याच दिवशी दोन्ही हँडलं एकमेकांत अडकली आणि लेक पोट धरून हसली.

"आता काय बाबा, हँडल कापायचं?"

"शहाणीच आहेस! तुझी सायकल उलटी लावू."

त्यांनी तिचा हब उखडून माझ्या दुसऱ्या टोकाला बसवला. जुनी भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. तेव्हापासून बाबांची सायकल पुढचा रस्ता बघायची, लेकीची मागचा. दर सुट्टीला आम्ही तळ्यापर्यंत जायचो. शेजारी म्हणायचे, "विकतची वाटते हो!" मी फुगून जायचे, कबूल करते.

मग लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. सायकलही ती घेऊन गेली. बाबा काही दिवस एकटेच निघायचे. पुढे त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि माझ्यावर ताडपत्री आली. मला फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दर रविवारी मात्र ताडपत्रीचं एक टोक वर व्हायचं. बाबा लंगडत यायचे, लेकीच्या बाजूच्या नटांना थेंब थेंब तेल घालायचे, सैल करायचे, पुन्हा आवळायचे. स्वतःच्या बाजूकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मला राग यायचा. अहो, तुमच्या नटांना गंज चढलाय! पण फळीचं कोण ऐकतं? तिथेच उभं राहून ते फोन करायचे. "येतेस का गं? ...बरं, बरं. काम आधी."

चार वर्षं अशीच गेली. मग ट्रेलर विकायचं ठरलं आणि मला सोडवायला लेक आली. सायकल आणली नव्हती.

"बाबा, आधी हे हब काढते. नट गंजून बसले असतील, पाना द्या," ती म्हणाली. पण पाना मिळायच्या आधीच तिच्या बाजूचा नट नुसत्या बोटांनी फिरला. ती चकित झाली. बाबांच्या बाजूला गेली, तर पाना लावूनही नट तसूभर हलेना.

"बाबा, माझ्याच बाजूला तेल कोण घालतं?"

बाबा दारातल्या स्टुलावर बसले होते. "अचानक आलीस तर तुझा खोळंबा नको म्हणून," ते म्हणाले.

ती माझ्यावरच बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिने तेलाची बाटली मागितली आणि बाबांच्या बाजूला वाकली. ते नट काही त्या दिवशी निघाले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी फक्त तुमच्याच बाजूला तेल घालत असेल. त्यांच्या बाजूला गंज चढायच्या आत जाऊन या.