गाल टेकून बांधलेला गळ

मित्रांनो, टेबलाच्या कडेला चावा घेऊन बसलेली ही लोखंडी पकड म्हणजे मी. जुनी आहे, वीतभर उंचीची. दोन ओठ, एक स्क्रू आणि मागे आडवा दांडा, एवढाच माझा संसार. लेथवर काम करणाऱ्या एका बापाने उरल्यासुरल्या सळईतून मला घडवलं आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं. "घे, तुला तिसरा हात," तो म्हणाला.

त्या लेकीला सगळे ताई म्हणतात. मासे धरायचे गळ बांधण्यात तिचं आयुष्य गेलं. शिशाच्या डोक्याचा गळ मी ओठांत धरायचा, तिने त्याच्या मानेभोवती बोकडाच्या शेपटीचे केस दोऱ्याने आवळायचे. गाठ सुटू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. नखांना तिने ते कधी लावलं नाही. पाण्यात ते केस फुलायचे, मिटायचे, जणू इवला मासा श्वास घेतोय. मोठा मासा हमखास फसायचा. ताईचा धाकटा भाऊ तळ्याकाठच्या आपल्या दुकानात ते गळ विकायचा. "ताईचे आहेत का?" गिऱ्हाईक आधी एवढंच विचारायचं.

केसांचं काम मोठं नाजूक. दोरा सैल राहिला तर केस निसटतात, फार आवळला तर कापले जातात. किती आवळायचं ते ताईच्या बोटांना ठाऊक होतं.

मग ताई आजारी पडली. आजार गेला, पण जाताना बोटांच्या टोकांची जाण घेऊन गेला. सुई टोचली तरी कळेना. चहा गरम की गार, ते ती वाफ बघून ठरवायची. तरी माझ्यासमोर बसायची, बांधत राहायची. चेहऱ्यावर ना दुःख, ना राग. मी तर लोखंडच. आम्ही दोघी एकसारख्या झालो होतो.

एके दिवशी भाऊ मूठभर गळ परत घेऊन आला. सगळ्यांचे केस झडलेले.

"गिऱ्हाईक विचारतं, तुझी ताई टकले गळ बांधायला लागली की काय?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, टक्कल आमच्या घराण्यातच आहे." त्याने स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. ती हसली नाही. मग तो खाली बघत म्हणाला, "ताई, रबरी शेपटीचे तयार गळ मिळतात. आता तेच ठेवतो. तू आराम कर."

"बरं," ताई म्हणाली आणि माझ्यावर जुना टॉवेल टाकला.

टॉवेलाखाली दिवस नसतो, रात्र नसते. मला गंज चढला. केसांच्या डब्यात कसर शिरली. बाहेर ताई चालायची, बसायची, पुन्हा चालायची. तिने गाणं गुणगुणलेलं मी ऐकलं नाही, रडलेलंही नाही.

एका दुपारी टॉवेल निघाला. ती मला टेबलावरून काढायला आली होती. माझा खालचा स्क्रू गंजून बसलेला, फिरता फिरेना. झटापट करून ती थकली आणि तिने माझ्या दांड्यावर गाल टेकला. अर्धवट बांधलेला गळ अजून माझ्या ओठांतच होता, त्याला दोऱ्याचं रीळ लोंबत होतं. तिचा हात दोऱ्याला लागला. दोरा थरथरला, मी थरथरले, आणि ते थरथरणं तिच्या गालात उतरलं.

ताई हललीच नाही. मग तिने रीळ जरा ओढून दोरा पुन्हा छेडला. थरथर बारीक झाली. अजून ओढलं, अजून बारीक. मग केस कटकन तुटले.

"इतकं नको," ती मला म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने भावाच्या हातात गाल टेकून बांधलेला एक नवा गळ ठेवला. "ओढ." त्याने केस चिमटीत धरून ओढले. मग दात खाऊन ओढले. एकही सुटला नाही.

"किती जोर लावलास?"

"लहानपणी तुझी वेणी ओढायचो, तेवढा."

"मग पुरे," ताई म्हणाली आणि पुढचा गळ माझ्या ओठांत दिला. भावाने दुकानासाठी आणलेलं रबरी गळांचं खोकं टेबलाखाली सरकवलं.

मित्रांनो, तिची बोटं अजून बधिरच आहेत. पण कुणाची बोटं बधिर झाली म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकायची घाई करू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या अवजाराला अधूनमधून तेलाचा हात फिरवा. दांड्याची ही एक बाजू मात्र कोरडीच राहू द्या. तिथे ताई गाल टेकते.