फुग्यांचं बोलावणं

पापडीच्या त्या आळीत लग्नघर कुणाचंही असो, फुगे तळायला इझाबेल हवीच. मैदा, अंडी, नारळाचं दूध असं पीठ हाताने फेटून आंबवायचं, मुठीत घ्यायचं आणि अंगठा नि बोटाच्या फटीतून एकेक गोळा तापल्या तेलात सोडायचा. सांगायला सोपं. इतर बायकांच्या हातून शेपट्या, शिंगं, काय वाटेल ते पडायचं. इझाबेलच्या मुठीतून मात्र सगळे एका मापाचे, गोल गरगरीत. तिचा नवरा प्लासिड शाळेच्या ऑफिसात क्लार्क. बायकोच्या या हातांचं कौतुक तो शिक्षकांना, पालकांना, न विचारताही सांगायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये ते हात गेले. आधी दोन-चार दिवस पोट बिघडलं, ते बरंही झालं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. तिने चपलेला दोष दिला. तिसऱ्या दिवशी तिला खुर्चीतून उठता येईना आणि पाचव्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर होती. जीबीएस, डॉक्टर म्हणाले. शरीराची प्रतिकारशक्ती शरीराच्याच नसांवर उलटते, लाखात एखाद्याला होतो हा आजार.

"लाखात एक ती आधीपासूनच आहे, डॉक्टर," प्लासिड म्हणाला आणि तिथेच रडला.

एकोणीस दिवस ती मशीनवर होती. हलायच्या त्या फक्त पापण्या. प्लासिड बाराखडी म्हणायचा, हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. पहिला शब्द जुळायला अर्धा तास लागला. प्रार्थनेतला असेल, नाहीतर आपल्याबद्दल काही असेल, म्हणून हा जीव कानात आणून बसलेला. शब्द निघाला 'केळी'. वाडीत घड पिकायला आलेत, उतरवून घे. एवढ्या मरणाच्या दारात या बाईला केळी सुचतात! त्याला रागही आला आणि एवढा धीरही आला की त्या रात्री तो पहिल्यांदा झोपला.

घरी आल्यावर चंदनसारहून क्षितिजा नावाची फिजिओथेरपिस्ट स्कूटरवरून येऊ लागली. हात वळावेत म्हणून तिने रबरी चेंडू दिला. इझाबेलने दोन दिवस तो दाबला आणि मग मळलेली कणीक मागितली. "चेंडू दाबून काय करू? त्याचं काही होत नाही." रोज सकाळी तासभर ती कणकेशी झुंजायची. बोटं मिटली नाहीत तर त्यांना आळशी, कामचुकार, असं मनसोक्त बोलायची. डिसेंबरात चमचा धरला. जानेवारीत वॉकर घेऊन अंगणात आली. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासांत ती देवळात प्रार्थनेला स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकावरचा प्लासिड गाणं विसरून नुसता तिच्या पाठीकडे बघत होता. असली जिद्द त्याने जन्मात पाहिली नव्हती.

आणि चूक केली ती याच माणसाने.

मे महिन्यात शेजारच्या ॲलिस्टर आणि स्टेफीच्या मुलीचं, ॲनिशाचं लग्न ठरलं. आळीतली रीत अशी की लग्नाच्या दोन दिवस आधी लग्नघरची बाई दारोदार जाऊन बायकांना कामाला बोलावते. बोलावणं येत नाही ते दोनच घरांना. एक सुतकातलं, दुसरं भांडण झालेलं. प्लासिडने देवळाच्या फाटकाशी स्टेफीला गाठलं. "इझाबेलला बोलवू नकोस. जेवायला येऊ आम्ही." त्याला उकळतं तेल दिसत होतं, तिचा थरथरणारा हात दिसत होता.

बोलावण्याच्या दिवशी इझाबेल सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसली. स्टेफी आली, "कशी आहेस गं?" म्हणाली आणि पुढच्या दारात जाऊन हाक मारली. "उद्या हात लावायला ये गं."

"प्लासिड," इझाबेलने विचारलं, "आपलं त्यांच्याशी काही बिनसलंय?"

त्याला खोटं बोलता येत नसे. त्याने सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मशीनवर होते तेव्हा मरणाची भीती वाटायची," ती हळू म्हणाली. "जिवंत राहूनही कुणी बोलावणार नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लासिड लग्नघरच्या मांडवात गेला. वीस बायका कांदे चिरत होत्या. त्यांच्यासमोर, कान लाल झालेले असताना, तो म्हणाला, "माझं चुकलं. इझाबेलला बोलवा."

लग्नाच्या स्वयंपाकाची सूत्रं सत्तरीच्या अँजेलिना मावशीकडे. "तुला कुणी विचारलं होतं रे? चुलीपाशी तुझं काय काम?" म्हणत ती उठली, थेट इझाबेलच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली. "इझाबेल, हात लावायला ये गं."

"आले."

काठी टेकत तेवढं अंतर चालायला पाव तास लागला. प्लासिडने दोनदा आधाराला हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

पहिला गोळा तेलात लांबडा पडला. दुसरा फुटला. तिसऱ्याला शेपूट. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "छान गं, जमेल हळूहळू," स्टेफी लहान मुलीशी बोलावं तशी बोलली.

"छान काय त्यात?" मावशी कडाडली. "हे फुगे आहेत? मूठ आवळ नीट! पाहुण्यांना वाढायचेत, नाहीतर सरक तिकडे, मी बसते."

नऊ महिन्यांत इझाबेलशी कुणी वरच्या आवाजात बोललं नव्हतं. तिचा चेहरा एकदम फुलला. तिने पदर खोचला, मूठभर पीठ घेतलं. हात थरथरत होता, थरथरतच ती दाबत राहिली. पंधरा-वीस वाया गेल्यावर एक गोल उतरला आणि तेलात फुगून वर आला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोवर पुढचा सोडला होता.

प्लासिड मांडवाच्या खांबाशी उभाच होता. थोड्या वेळाने जवळ जाऊन त्याने विचारलं, "दमलीस ना? जाऊया?"

"तू जा घरी," ती कढईवरची नजर न काढता म्हणाली. "मला उशीर होईल."

नऊ महिन्यांत तिने त्याला असं कधी पाठवून दिलं नव्हतं. रिकाम्या हातांनी तो मांडवाबाहेर पडला. वाटेत खुर्च्या उतरवून घेणारा ॲलिस्टर भेटला. "एकटाच? इझाबेल कुठाय?"

"कामात आहे ती," प्लासिड म्हणाला, आणि खुर्च्या उतरवायला त्याने हात लावला.