कडूची हाक

कडूने हाक मारली म्हणून कोकिळाने दार उघडले. तिचे हात पिठाने भरलेले होते. दारात गावात दवंडी देणारा कोटवार कडू आणि त्याच्या पाठीशी बंदूकवाले जवान. ती काही विचारणार, तोवर ते तिला बाजूला सारून आत शिरलेसुद्धा.

जंगलातल्या एका चौकीवरून बंदुका पळवल्या गेल्या होत्या. पळवणारे डोंगरात, झडती मात्र तापीकाठच्या गावांची. पहाटेच कोकिळाच्या गावाला, जसोंडीला, वेढा पडला आणि जवानांच्या साहेबांनी कडूला पुढे घातले. ओळखीचा आवाज आला की बाया आपणहून कडी काढतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कडू उभा जन्म याच दारांवर हाका देत आला होता, कधी लसीकरणाच्या, कधी मतदानाच्या, कधी पुराच्या. त्याच्या हाकेने आजवर कुणाचे वाईट झाले नव्हते.

जवानांनी गव्हाची कोठी उपडी केली, चूल उकरली. माळ्यावर प्लास्टिकची नळी सापडली. केळीतली माकडे हुसकायला तिच्यात कार्बाइड घालून बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. कोकिळाचा नवरा चुडामण तेच सांगायला गेला, तर त्याच्या कानशिलावर बंदुकीचा दस्ता बसला.

साहेबांनी कडूला विचारले, हे काय आहे? कडूला माहीत होते. पण तो नुसता नळीकडे पाहत राहिला. चुडामणला गाडीत कोंबून ते निघून गेले.

कोकिळा रडली नाही. सांडलेले गहू गोळा करता करता एवढेच म्हणाली, "कडूबाबा, तुमचा आवाज होता म्हनून उघडलं मी."

कडू तसाच केळीच्या ट्रकवर बसून छावणीवर गेला. फाटकाशी दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला. साहेब भेटले तेव्हा त्याने हात जोडून नळीचे सगळे सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मालूम है, बाबा," ते म्हणाले. "पूरे गाँव में कुछ तो मिलना चाहिए था ना."

म्हणजे सकाळी आपण बोललो असतो तरी हेच झाले असते, असे कडूने स्वतःला सांगून पाहिले. जिवाला काही बरे वाटले नाही.

दिवस कलताना चुडामणला सोडले. त्याच्या कानातून आलेले रक्त मानेवर वाळले होते. कडूने त्याला खांद्याचा आधार दिला. दोघे गावाच्या वाटेला लागले.

"माझं नाव कोनी सांगलं व्हतं?" चुडामणने विचारले.

"कोनीच नाही. मी जिथं हाक मारली, तिथं ते शिरले."

चुडामणने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. गावाच्या अलीकडे, नाल्याच्या पुलावर तो थांबला.

"बाबा, तुम्ही इथंच थांबा. मी एकटा जातो."

कडू थांबला. चुडामण कुंपणाला धरत धरत गल्लीत वळला. मग शेतावरून परतणाऱ्या बाया पुलावर आल्या. कडूने कठड्याला अंग चोरून त्यांना वाट करून दिली. त्या बोलत येत होत्या. त्याच्याजवळ आल्या आणि गप्प झाल्या.