तपासणीआधीची हजेरी

हिंगोलीच्या मुलींच्या सरकारी शाळेत दर वर्षी एक काम ठरलेलं असे. तपासणीच्या बाईसाहेब परभणीहून येणार असं पत्र आलं, की वर्ग सारवले जात, भिंतींना चुना लागे आणि हजेरीतल्या कच्च्या मुलींची नावं खारिज होत. जिला विचारलेलं सांगता येत नाही, तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ! निकाल कसा चोख दिसे. तपासणी आटोपली की या मुलींना पुन्हा दाखल करून घेऊ, असं सगळ्या शिक्षिका म्हणत. पण एकदा घरी बसलेली मुलगी परत आली असं फारसं घडत नसे. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. वाचकहो, पाहुणे येणार म्हटलं की आपणही आपल्या घरात नि कचेरीत काय काय मागच्या खोलीत लोटतो, ते जरा आठवून पाहावं.

निजामी अमलाची ती अखेरची दोन-तीन वर्षं. पार्वतीबाई दुसरीच्या वर्गाला शिकवत. नोकरी कच्ची होती. यंदाच्या तपासणीवर ती पक्की व्हायची होती. सहा महिन्यांपूर्वी वडील गेले होते, आणि घरी आता फक्त आई नि त्या. त्यांच्या वर्गात पंचवीस मुली. त्यातल्या चोवीस जणी पाठ केलेलं धडाधडा म्हणून दाखवत. पंचविसावी मिरा. स्टेशनापलीकडच्या तांड्यातल्या भावसिंगाची मुलगी. आठ महिने ती शेवटच्या ओळीत बसली होती आणि आठ महिन्यांत तिच्या तोंडून "हाजर" याशिवाय शब्द निघाला नव्हता.

पार्वतीबाईंनी तिच्या नावावर रेघ ओढली आणि हजेरी सहीसाठी मुख्याध्यापिकेपुढं ठेवली.

मुख्याध्यापिका कमरजहाँ. सारी शाळा त्यांना आपा म्हणे. वय पन्नाशीपुढचं, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पान पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

"ही काहून काढली, पार्वतीबाई?"

"आपा, बोलतच नाही ती. बाईसाहेबांनी विचारलं तर सगळ्या वर्गाची लाज जाईल."

"ज्यांना येतं त्यांना आपली काय गरज? त्या तर घरी बसूनबी शिकतील. ज्यांना येत न्हाई, त्यांच्यासाठीच तर सरकार आपल्याला पगार देऊन राहिलं."

"सगळ्याच वर्गांत काढतात, आपा. मागच्या वर्षी तुम्हीच सही केली होती."

"केली," आपा शांतपणे म्हणाल्या. "बारा वर्षं करून राहिले. प्रत्येक वेळी वाटलं, चुकतंय. पण रेघ कागदावर असते ना, तिला डोळे नसतात. म्हणून यंदा एक करा. ज्या मुलीचं नाव काढलं, तिच्या घरी जाऊन तिच्या आईच्या तोंडावर सांगून या. मग मी सही करते."

"तांड्यात? मी?"

"मग काय तपासणीच्या बाईसाहेबांना पाठवू?"

दुपारी शाळा सुटल्यावर पार्वतीबाई निघाल्या. मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या राशी पडल्या होत्या. पिवळ्या धुळीतून पदर सावरत, मनातल्या मनात वाक्य जुळवत त्या चालल्या होत्या. 'मुलगी चांगली आहे, पण तिला जमत नाही.' नाहीतर, 'पुढच्या वर्षी बघू.' रूळ ओलांडले, तशी तांड्यातली पोरं दिसू लागली.

लिंबाखाली दहा-अकरा लेकरं ओळीनं बसली होती. त्यांच्यापुढं एका धोंड्यावर उभी राहून कुणी मुलगी बोलत होती. खणखणीत, न अडखळता, हातवारे करत. पार्वतीबाई झोपडीच्या आडोशाला थांबल्या. ती मिरा होती!

शब्द कळत नव्हते. बोली तांड्याची. पण धोंड्यावरून उतरून मिरानं काडीनं धुळीत एक वाकडी रेघ काढली, तिच्या कडेनं खडे मांडले, आणि पार्वतीबाईंच्या अंगावर काटा आला. हा त्यांचाच धडा होता, कालचा. कयाधू नदी कुठून येते, हिंगोलीपाशी कशी वळते, पुढं पैनगंगेला कुठं मिळते. एकही खडा चुकला नव्हता. उलट मिरानं नदीला दोन वळणं जास्त काढली होती, जी पार्वतीबाईंना ठाऊकच नव्हती; तिथं तांड्याची गुरं पाण्यावर जात असावीत, कारण लेकरं बोट दाखवून एकदम ओरडली.

मग तिनं एका चिमुरडीला काही विचारलं. ती गप्प बसली. तेव्हा मिरानं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि एवढ्या सगळ्या परक्या बोलण्यात एकच वाक्य मराठीत म्हणाली:

"मुकी हायेस का ग? बस मागं!"

लेकरं खदखदून हसली. पार्वतीबाईंना मात्र वर्गातला आपलाच आवाज कानशिलात बसल्यासारखं झालं.

पण नक्कल तेवढीच. लगेच मिरानं त्या चिमुरडीला जवळ ओढून मांडीवर घेतलं, तिचं बोट धरून नदीवरून फिरवलं, आणि पोरगी बोलू लागली.

पार्वतीबाई लहान असताना शाळेत वरच्या वर्गांत सगळं उर्दूत असे. मोठी मास्तरीण काही विचारी आणि पार्वती खाली मान घालून उभी राही. घरी गेल्यावर वडील ओट्यावर बसत आणि तोच धडा मराठीत सांगत, रोज, कंटाळा न करता. वडिलांनी सांगितलं म्हणून ती शिकली. या मुलीला सांगणारं कुणी नव्हतं. मराठी ऐकायची, डोक्यात उलगडायची, रूळ ओलांडून इथं आणायची आणि आपल्या बोलीत दहा जणांना वाटायची, हे सगळं ती आठ वर्षांची पोर एकटी करत होती. आणि आपण तिला मुकी म्हटलं! पार्वतीबाई आडोशातून बाहेर आल्या.

मिराची नजर त्यांच्याकडं गेली. बोलणं तिथंच थांबलं.

झोपडीतून तिची आई जमली बाहेर आली. कोपरापर्यंत चुडे, हाताला पीठ. तिनं पार्वतीबाईंना वरखाली पाहिलं.

"बाई, रेघ वढली का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागल्या साली रतनसिंगाच्या पोरीलेबी वढलती. सांगाया कोनी आलं न्हाई. पोरगी रोज आंघोळ करून जाये, शाळंच्या पायरीवर बसून परत ये. आठ दिस." जमलीनं हातावरचं पीठ झटकलं. "तू सांगाया तर आलीस. बस, पाणी देते."

जुळवून आणलेली वाक्यं पार्वतीबाईंनी सोडून दिली. त्या पुढं झाल्या आणि लेकरांच्या ओळीत, धुळीतच बसल्या.

"मिरा, ही नदी पुढं कुठं जाते? तुझ्या बोलीत सांग."

मिरानं आईकडं पाहिलं. जमली म्हणाली, "सांग की. मास्तरीण तुझ्या शाळंत आली आज!"

मिरा हळूच बोलली. पार्वतीबाईंनी तिच्यामागून म्हणून पाहिलं. लेकरं पोट धरून हसली. मिरानं मान हलवली, पुन्हा सांगितलं; तिसऱ्या खेपेला बाईंना जमलं, तेव्हा कुठं तिच्या ओठांवर हसू आलं.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी हजेरीत ओढलेल्या रेघेखाली मिराचं नाव पुन्हा लिहिलं.

"नोकरी पक्की व्हायची हाय तुमची," आपा म्हणाल्या. "तकलीफ होईल."

"माहीत आहे, आपा."

आपांनी सही केली. मग बाकीच्या वर्गांच्या हजेऱ्या मागवून रेघ ओढलेली नावं पुन्हा लिहायला लावली आणि तांबडी दौत कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तपासणीच्या दिवशी बाईसाहेबांनी नेमकं शेवटच्या ओळीकडं बोट केलं. मिरा उभी राहिली. कयाधूवर प्रश्न झाला. पार्वतीबाई पुढं होऊन म्हणाल्या, "तुझ्या बोलीत सांग, बाळ."

आणि मिरा बोलली! उगमापासून संगमापर्यंत, मान वर करून, सबंध नदी. चोवीस मुली तोंडात बोट घालून ऐकत राहिल्या. आठ महिने शेजारी बसलेल्या मुलीचा आवाज त्या आज प्रथमच ऐकत होत्या.

"ये क्या कह रही है?" बाईसाहेबांनी भुवया चढवल्या. "ये कौनसी जबान है?"

पार्वतीबाई अर्थ सांगायला गेल्या, तेवढ्यात मिरा स्वतःच म्हणाली. सावकाश, एकेक शब्द उचलत, मराठीत: "नदी... लई लांब जाते. पैनगंगेले... मिळते. आमची गुरं... तिचंच पाणी पितेत."

बाईसाहेबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. शेऱ्याच्या वहीत मात्र त्यांनी लिहिलं, 'दुसरीचा वर्ग मागे आहे.' पार्वतीबाईंची नोकरी त्या वर्षी पक्की झाली नाही.

शेरा वाचून आपा म्हणाल्या, "वाईट वाटलं?"

"वाटलं असतं, आपा. पण तांड्यातून आल्यापासून मला शेऱ्याचं वाईट वाटायला जागाच उरली नाही. एवढी नदी त्या एवढ्याशा पोरीच्या पोटात होती, आणि मी तिला मागं बसवत होते!"

पुढच्या वर्षी तपासणीच्या वेळी शाळेच्या हजेरीत तांड्यातल्या पाच मुली होत्या. त्यांत रतनसिंगाचीही होती. कुणाचंच नाव खारिज झालं नाही. शाळेचा निकाल आजवरचा सर्वांत कमी लागला, आणि आपांनी तो कागद कचेरीच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावला.

नागरिकहो, मूल गप्प आहे म्हणून ते रिकामं आहे असं ठरवू नका. ते जी बोली घेऊन आलं, तिच्यापाशी आधी आपण जाऊन बसावं. आणि कुणी एखाद्या शाळेचा चोख निकाल तुमच्यापुढं अभिमानानं ठेवलाच, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: या हजेरीत कोणाकोणाची नावं नाहीत?