मागे घेतलेली माफी

“म्हणजे माझं काही चुकलं का?” लिफ्टमिस्त्रीने विचारले.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा फोटो त्याच्याकडे वळवला. फुप्फुसातली जुनी गाठ पुन्हा फुगली होती आणि यकृतात एक नवी येऊन बसली होती.

“तुमचं नाही चुकलं. हे औषध कॅन्सरला मारत नाही. तुमच्याच शरीरातल्या पहारेकरी पेशींचा ब्रेक सोडतं, मारामारी त्या करतात. इतके दिवस केलीही. पण त्या माराला कॅन्सरच्या ज्या पेशी पुरून उरल्या, त्यांनी अंगावरची ओळखीची खूणच टाकून दिली. आता पहारेकरी शेजारून जातात आणि ओळखत नाहीत. शिवाय लढून लढून तेही थकलेत.”

“म्हणजे ब्रेक सुटलाय, पण लिफ्ट हलत नाही.” लिफ्टच्या भाषेत आणले की मिस्त्रीला जगातले सगळे कळत असे.

“तसंच समजा. आता दुसरी औषधं देऊन बघू.”

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “भाऊजींना सांगायला हवं.”

मिस्त्रीला मरणाची भीती होती, पण ती सवयीची झाली होती. लाज मात्र नवी कोरी होती.

कारण तो एकदा मरून चुकला होता. हे औषध सुरू होण्याआधी तो खाटेला खिळला, तेव्हा माणसे एकामागून एक येऊन मन मोकळे करून गेली. मरणाऱ्या माणसाइतकी सुरक्षित तिजोरी दुसरी नाही. शेजाऱ्याने मिस्त्रीच्या कुत्र्याला दगड मारल्याचे कबूल केले. कोपऱ्यावर शिंपीकाम करणारा धाकटा भाऊ तर पायाशी बसून रडला. “दादा, आई शेवटी तुला बोलाव म्हणत होती. मी बोलावलं नाही. म्हटलं, सगळं केलं मी, आणि शेवटी नाव तुझं?”

मिस्त्रीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “जाऊ दे रे. मी आता तिच्याकडेच चाललोय. सांगतो तिला.”

खोलीत सगळ्यांना हुंदका फुटला. मिस्त्रीलाही, स्वतःच्या मोठेपणाने.

आणि मग तो मेलाच नाही. औषध लागू पडले, गाठी विरल्या, भूक आली आणि भुकेपाठोपाठ राग आला. आईकडे जाणे लांबल्यामुळे माफी अंगावर पडली. उशीवरून मोठेपणा दाखवणे सोपे. उभे राहून तोच रोज निभवायचा म्हणजे बिनसुट्टीची नोकरी. पुतणीला नोकरी लागली म्हणून सगळे धाकट्याकडे जेवायला जमले. धाकटा सहज म्हणाला, “आज आई हवी होती.”

“मलाही हवी होती,” मिस्त्री म्हणाला. “का नाही भेटली, ते विचारा याला.” आणि त्याने सगळे सांगितले. पुतणी वाढता वाढता थांबली. धाकटा ताटावरून उठला. त्यानंतर दोघे भाऊ बोलले नव्हते.

“काय काम काढलंस?” मिस्त्री दवाखान्यातून थेट दुकानात आला, तेव्हा धाकट्याने मशीन न थांबवता विचारले.

मिस्त्रीने वाटेत एक वाक्य घोकले होते. ते आता आठवेना. दुसऱ्यांदा मरायला आलोय, हे कुठल्या तोंडाने सांगायचे?

“पँट सैल झालीय.”

मशीन थांबले. धाकट्याने चष्म्यावरून आधी कमरेकडे पाहिले, मग गळ्याकडे.

“परत?”

“औषध चालेनासं झालं.”

धाकटा बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. “या वेळी मी काही कबूल करणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“नको करूस. मीच…” मिस्त्रीने घसरणारी पँट वर ओढली. “पोरीसमोर बोललो. बोलायला नको होतं.”

“नकोच होतं.”

तेवढेच. धाकट्याने गळ्यातली टेप काढली. “सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस.”

“आत घ्यायला उरलंय कुठे?”

“मापात लबाडी करायची तुझी जुनी खोड. काढ ती पँट.”

मिस्त्री पडद्यामागे स्टुलावर उघड्या पायांनी बसून राहिला. पाय त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटले. पलीकडे कात्री उचलल्याचा आवाज आला. मग ती परत ठेवल्याचा. मग बराच वेळ मशीन चालले.

पडद्यातून पँट आत आली.

“कमरेत घेतलीय,” धाकटा पलीकडून म्हणाला. “कापड कापलं नाही. आत दुमडून ठेवलंय. जाड झालास तर उसवून देईन.”

मिस्त्रीने पँट चढवली. कमरेला बरोबर बसली. मागच्या बाजूला मात्र ते दुमडलेले कापड चांगलेच टोचत होते. त्याने तक्रार केली नाही.