परदेशातली एक कंपनी

वडिलांनी दाराच्या उंबऱ्याशी चाकं थोडी मागे घेतली, हातांनी जोर लावला, आणि खुर्ची पुन्हा तिथेच अडकली.

"पुढची चाकं लहान झालीत," ते खुर्चीतूनच ओरडले. "वेल्डर, अरे, यातून माणसानं बाहेर कसं पडायचं?"

"उठून बाहेर पडा ना मालक! पाय धडधाकट आहेत की तुमचे," आतून आवाज आला.

"संध्याकाळी सहापर्यंत नाहीत."

मुलगी भिंतीला टेकून बघत होती. चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मालक धरून अकरा माणसं. नियम एकच: ज्यानं खुर्ची बनवली त्यानं ती बाहेर जाण्याआधी एक अख्खा दिवस तिच्यात बसून काढायचा. पाणी प्यायचं तरी चाकं ढकलत नळापर्यंत जायचं. नव्या नमुन्याची पहिली खुर्ची मालकाच्या वाट्याची. एकदा बँकेतले साहेब आले आणि खुर्चीतल्या वडिलांशी लहान मुलाशी बोलावं तसं, वाकून, हळू आवाजात बोलले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी खुर्चीची बैठक दोन बोटं उंच करून घेतली.

ती व्यवस्थापन शिकवायची. काही संस्था आणि त्यांचे प्रमुख इतरांहून वेगळे का ठरतात, हा तिचा विषय. गेली सहा वर्षं पहिल्याच तासाला ती हा नियम सांगायची, बँकेतल्या साहेबांसकट. मुलं लिहायची थांबून ऐकत. फक्त सुरुवात ती "परदेशातली एक कंपनी आहे" अशी करायची. पहिल्या वर्षी विभागप्रमुख मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्यासमोर पत्र्याची शेड आणि अकरा माणसं तिच्या तोंडून निघाली नाहीत. मग तेच वाक्य कायम झालं.

"काय मास्तरीणबाई," वडील म्हणाले, "तुझ्या वर्गात आमच्यासारख्यांचं कधी काही येतं का गं?"

ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

"मोठ्या संस्था असतात अभ्यासाला, बाबा."

"हो, तेही खरंच." त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुन्हा उंबऱ्याकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी ती कागदपत्रं न्यायला कारखान्यात गेली. वेल्डर खुर्चीत बसूनच कामाला लागलेला होता.

"मालकांच्या वाट्याची आहे ही," तो म्हणाला. "कुणी बसायचं यावरून जुंपली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. खुर्चीसाठी भांडणं काय, सगळीकडेच होतात."

ती हसली. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"तुझी एक विद्यार्थिनी आलेली इथं. आजीसाठी खुर्ची न्यायला," त्याने पाना खाली ठेवला. "मालकांना बसलेलं बघून म्हणाली, आमच्या मॅडम परदेशातली अशीच एक कंपनी सांगतात. बँकेतला साहेब, दोन बोटं, सगळं धडाधडा बोलली पोरगी."

"कधी?"

"झालं की वर्ष."

ती जवळच्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने कागदांच्या कडा जुळवल्या.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मग ती कंपनी चांगलीच असणार. आणि खुर्चीची घडी कशी घालायची ते तिला दाखवायला लागले." वेल्डरने पाना पुन्हा उचलला. "आम्हाला मात्र दम भरला, तुझ्यापाशी कुणी ब्र काढायचा नाही. म्हणाले, सांगेल ती, तिची तिची."

नव्या वर्गाचा पहिला तास आठ दिवसांनी होता. ती नियमाबद्दल बोलली, साहेबांबद्दल बोलली, दोन बोटांपर्यंत आली. सुरुवातीचं वाक्य या वेळी तिने म्हटलंच नव्हतं.

"मॅडम, कुठल्या देशातली कंपनी?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

तिने खडू ठेवला.

"इथलीच. रेल्वेच्या पुलाखालून डावीकडे वळलं की पत्र्याची शेड आहे. अकरा माणसं होती, आता दहा आहेत. मालक माझे वडील होते."

कुणीतरी पेनाचं टोपण लावलं.

"सहा वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली, "त्यांना सोडून."