लोणीकाकांचं मनगट

लोणीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं त्यांचा वस्तरा लोकांच्या गालांवरून इतका अलगद फिरला होता, की दाढी झाली हे खुर्चीतल्या माणसाला आरशात बघूनच कळायचं. "हात आहे की लोणी!" असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सलून दोन खुर्च्यांचं. एक काकांची, दुसरी त्यांच्या मेहुण्याची. काका मोजकं बोलायचे. त्यांच्या वाटणीचंही मेहुणा बोलून टाकायचा.

एका मंगळवारी सकाळी पोस्टातले कारकून मान मागे टाकून, डोळे मिटून खुर्चीत पडले होते. काकांनी फेस लावला, वस्तरा गळ्यापाशी नेला आणि डोक्यात कुठूनसा एक विचार येऊन उभा राहिला. आत्ता हात जरा दाबला तर?

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, पाणी प्यायलं, कशीबशी दाढी पुरी केली. कारकून गालावर हात फिरवत, नेहमीसारखे खूश होऊन गेले. काका मात्र दारात उभं राहून, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्या मानेकडे बघत होते.

विचार एकदा येऊन गेला असता तर प्रश्न नव्हता. पण त्याने घर पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. मग वस्तरा हातात घ्यायचीही वाट बघेना. काका मनात म्हणायचे, 'मी तसा माणूस नाही.' लगेच आतून उत्तर यायचं, 'कशावरून?'

मग सुरू झाली लपवाछपवी. मनगट दुखतं असं सांगून काकांनी सगळ्या दाढ्या मेहुण्याच्या गळ्यात टाकल्या. वस्तरे खणात, खणाला कुलूप, किल्ली मेहुण्याच्या खिशात. केस कापून झाले की गिऱ्हाइकाची मान तीन तीनदा न्याहाळायची. "कुठं लागलं नाही ना? नक्की?" माणूस बाहेर पडला की मेहुण्याला विचारायचं, "नीट गेला ना तो?"

"गेला दाजी. दोन पायांवर गेला."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. शिट्टीसुद्धा वाजवत होता."

पाच मिनिटं बरं वाटायचं. सहाव्या मिनिटाला पुन्हा तेच.

घरी वेगळी तऱ्हा. सुऱ्या ओट्यावर दिसल्या की काकांच्या छातीत धडधड. त्यांनी बायकोला सांगितलं, "त्या कपाटात कुलपात ठेवत जा." तिला वाटलं, नातीच्या काळजीने म्हणतायत. सात वर्षांची नात शाळा सुटली की आईचं ऑफिस सुटेपर्यंत आजीआजोबांकडे असायची. पूर्वी ती आजोबांच्या मांडीवर बसून गृहपाठ करायची. आता ती आली की आजोबा काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांना तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती, म्हणजे तिच्याजवळ असलेल्या स्वतःची. वर्तमानपत्रात खुनाची बातमी आली की ती चार चारदा वाचायचे. हाही आधी साधाच माणूस होता का? मग माझ्यात आणि याच्यात फरक काय? एकदा तर ते पोलीस चौकीच्या दारापर्यंत जाऊन आले. पण आत जाऊन सांगणार काय? काही केलेलं नाही, पण मला धरून ठेवा?

असे आठ महिने गेले. आठ महिन्यांत कुणापाशी अवाक्षर नाही.

शेवटी गाठ सुटली ती नातीच्या हातून. शाळेत वर्गाचा फोटो निघणार होता. आदल्या दिवशी ती पळत आली, "आजोबा, माझे पुढचे केस डोळ्यांत येतात. कापून द्या ना."

"माझं मनगट दुखतंय गं."

"थोडेच कापायचेत."

"नाही म्हटलं ना!" काका ओरडले. तिच्यावर ते जन्मात कधी ओरडले नव्हते.

ती मागे सरली. मग दप्तरातली कागद कापायची कात्री काढली, आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःच कापले. कपाळावर मधोमध दात घासायच्या ब्रशासारखा एक झुपका उभा राहिला. संध्याकाळी तिची आई आली, बघितलं आणि हसू आवरेना. तोच नात म्हणाली, "आजोबांना मी आता आवडत नाही, म्हणून मीच कापले."

हसू जागच्या जागी विरलं. काका भिंतीला टेकून उभे होते. आजवर त्यांना वाटत होतं, आपण लांब राहून पोरीला वाचवतोय. ती मात्र इतके दिवस हे असं समजत होती. इतका आटापिटा करून आपण वाचवलं काय आणि कुणाला?

सलूनला सुट्टी सोमवारची. त्या सोमवारी दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. काका तिच्यासमोर बसले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. पोस्टातल्या कारकुनांपासून पोलीस चौकीपर्यंत. शेवटी म्हणाले, "आता तू ठरव. माझ्यासोबत राहायचं की नाही."

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"म्हणजे सुऱ्या कुलपात होत्या त्या पोरीसाठी नाही, तुमच्यासाठी?"

काकांनी मान डोलावली.

"आठ महिने एकटेच हे घेऊन फिरताय?" ती म्हणाली. मग तिने टॉवेलाची घडी पुरी केली आणि उठली. "हे बघा, मला यातलं काही कळत नाही. पण एवढं कळतं की हे तुमच्या नि माझ्या हातचं नाही. चला, डॉक्टरकडे."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

डॉक्टर नेहमीचेच, घरच्यासारखे. पण खुर्चीत बसल्यावर काकांनी नुसता हात पुढे केला. "मनगट दुखतं," ते म्हणाले. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, मूठ उघडायला लावली, मिटायला लावली.

"मनगट ठणठणीत आहे," बायको मधेच म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही उगाच कष्ट घेऊ नका. अहो, सांगा ना खरं!"

काकांनी खरं सांगितलं. डॉक्टर ना दचकले, ना हसले. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. त्या तज्ज्ञांनी रोजची एक गोळी सुरू केली आणि आठवड्यातून एकदा थेरपीला जायला सांगितलं.

थेरपिस्टबाई काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसातले किती तास यात जातात?"

काका मनाशी जुळवू लागले. मान तपासणं, विचारणं, बातम्या, मनातली उलटतपासणी. "चार तरी. वाईट दिवस असला तर सहा."

"आणि यापायी काय काय सोडलंत?"

काकांनी बोटांवर एकेक मोजलं. दाढी. स्वयंपाकघर. नात.

"मग वेळेवर आलात असं म्हणू. खरं तर आणखी लवकर यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "याला ओसीडी म्हणतात. जुना शब्द आहे, मंत्रचळ."

"मंत्रचळ?" काका चमकले. "तो तर सारखे हात धुणाऱ्यांना होतो. मी कुठं हात धुतो?"

"तुम्ही हात धुत नाही, मन धुता. दिवसभर. विचित्र विचार कुणाच्याही डोक्यात येतात, काका. माझ्याही येतात. लोक ते सोडून देतात. तुम्हाला तो इतका भयंकर वाटला, की तुम्ही त्याच्यावर पहारा बसवला. जितका पहारा कडक, तितका तो मोठा होत गेला."

 आपण लपलेले खुनी नसून आजारी आहोत, आणि या आजाराला नाव आहे, एवढं ऐकूनच त्यांना रडू फुटलं. बाईंनी रडू दिलं.

पण पुढचं सोपं नव्हतं. मी असं काही करणार नाही ना, असं काकांनी बाईंना विचारलं की त्या गोड हसायच्या आणि उत्तरच द्यायच्या नाहीत. खात्री मागायची नाही, हाच मुळी औषधाचा भाग होता. पहिल्यांदा नुसता वस्तऱ्याचा फोटो बघायचा. मग बंद वस्तरा हातात धरून बसायचं, छातीतली धडधड आपोआप उतरेपर्यंत. मग घरी बायकोशेजारी उभं राहून काकडी चिरायची. पहिल्या दिवशी काकडीच्या अशा काही फोडी झाल्या, की बायको म्हणाली, "यापेक्षा नातीने केस बरे कापले होते." बिचकत का होईना, काका हसले.

मेहुण्यालाही सूचना गेली होती.

"नीट गेला ना रे तो?"

"माहीत नाही, दाजी."

"अरे, तू बघत तर होतास!"

"असेन. पण बाईंनी सांगायला मनाई केलीय." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला गप्प बसायचं काम दिलं होतं, आणि ते तो जिवावर उदार होऊन करत होता.

काही आठवडे बरे गेले, काही अगदी वाईट. एकदा काकांनी सगळं सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा बायको काही न बोलता चपला घालून दारात उभी राहिली आणि ते मुकाट्याने निघाले. वर्गाचा फोटोही मधे घरी आला. चाळीस पोरांत झुपक्यामुळे नात लांबूनही ओळखू येत होती. काकांनी तो चौकटीत बसवून घेतला. नात पुन्हा मांडीवर बसून गृहपाठ करू लागली. विचार यायचा. काका त्याला येऊ द्यायचे आणि सातचा पाढा ऐकत राहायचे.

पाचव्या महिन्यात बाई म्हणाल्या, "आता खरी दाढी."

कुणाची? काकांना विचारायचीच लाज वाटत होती. सगळं ठाऊक असताना कोण मान पुढे करणार? सलूनमध्ये येऊन बघतात, तर त्यांच्या खुर्चीत मेहुणा बसलेला, गळ्याभोवती कापड गुंडाळून तयार. त्याची दाढी नऊ वर्षांची, छातीपर्यंत आलेली, जिवापाड जपलेली.

"तू? तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. माझी हनुवटी कशी आहे हे मीच विसरलोय."

"चेष्टा नको रे."

"चेष्टा नाही, दाजी." तो एकदम गंभीर झाला. "मला कातर धरायला तुम्ही शिकवलंत. करा."

काकांनी आधी कात्रीने दाढी उतरवली. फेस लावला. वस्तरा गळ्यापाशी आला तसा विचार आलाच, अगदी पहिल्या दिवशीच्या तोऱ्यात. हात थांबला. काकांनी त्याला हुसकावलं नाही, उत्तरही दिलं नाही. छाती धडधडत होती ती धडधडू दिली. आणि हात चालू केला. वरून खाली, हनुवटीखालून, कानापाशी. मेहुण्याने डोळे मिटले होते, आणि जरा वेळाने तर तो चक्क घोरायला लागला.

एवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आत आली. खुर्चीतल्या माणसाकडे तिने बघितलं, ओळखलं नाही आणि विचारलं, "भाऊ कुठं गेला?"

मेहुणा दचकून जागा झाला. "ताई, मी इथंच आहे!"

तिने निरखून पाहिलं. दाढीआडून एवढीशी, गोल, लहान मुलासारखी हनुवटी निघाली होती. ती हसत सुटली. डबा ठेवायलाही सुचेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेहुणा हनुवटी हाताने झाकत आरशात बघत होता, "अरे देवा, परत लावता येते का?" म्हणत होता.

काका फेसाने भरलेल्या हातांनी मधे उभे होते. या दोघांना काहीतरी म्हणायला हवं होतं. उपकार, आभार, असले शब्द त्यांना कधी जमले नव्हते. त्यांनी ओल्या हाताने मेहुण्याच्या खांद्यावर थोपटलं, बायकोच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "बसा दोघं. आज मी वाढतो."